साठ पावलं मागे

त्या वर्षी विहिरींचं पाणी खाली गेलं आणि आमच्याकडे काम आलं. लोकांचे पोहरे पाण्याला पोचेनात, म्हणून प्रत्येकाला आधीपेक्षा लांब दोर हवा होता. सकाळी दार उघडावं तर कोणी ना कोणी जुना दोर खांद्यावर टाकून उभा. "चार हात वाढवून द्या." पंधरा दिवसांनी तोच माणूस पुन्हा यायचा. "अजून तीन हात." गावाच्या घशाला कोरड पडली होती आणि आमची चूल दोन्ही वेळा पेटत होती. आत्या म्हणायची, "अंगणात हसू नकोस गं. लोकांना वाटेल, पाणी आपणच पिऊन बसलोय."

माझे बाबा दोर वळायचे. घराच्या मागच्या भिंतीला लागून साठ पावलांची सरळ वाट होती. एका टोकाला खांब, खांबाला हाताने फिरवायचा चरखा, चरख्याला तीन आकडे. घायपाताच्या पानांतून निघालेला वाख कमरेला गुंडाळायचा, त्याचं टोक आकड्याला अडकवायचं आणि बोटांतून वाख सोडत सोडत मागे चालत जायचं. बाबा मागे चालायचे. चरख्यावर मी, सहा वर्षांची असल्यापासून. ते माझ्याकडे तोंड करून लांब लांब जात आणि आमच्या दोघांच्या मधे पेड तयार होत जाई. ते कधी वळून बघत नसत. वाटेत दगड आला, कुत्रं येऊन बसलं, तर मी ओरडायचं. "माझ्या पाठीला डोळे नाहीत," ते म्हणायचे. "ते तुझ्या तोंडात आहेत."

तीन पेड झाले की ते एकत्र वळताना मधे तीन खाचांचा लाकडी गोळा धरावा लागतो. आम्ही त्याला पेरू म्हणायचो. लहानपणी मी तो खरंच चावून पाहिला होता. दाताची खूण त्यावर शेवटपर्यंत राहिली.

आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं आत्याने आणि बाबांनी, आणि बाबांच्या त्या एका वचनाने. ते त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून आलं होतं: पोराचे पाच वर्षं लाड करावे, दहा वर्षं त्याला धाकात ठेवावं, आणि सोळावं लागलं की त्याच्याशी मित्रासारखं वागावं. गावात हे वचन पुष्कळांना पाठ होतं, पण ते मधल्या दहा वर्षांपुरतंच. बाबा तिन्ही भाग पाळायचे.

पाच वर्षांपर्यंत मी त्यांच्या खांद्यावर बसून साठ पावलं मागे गेले. त्यानंतर खुंटीला हातभर दोराचा एक तुकडा आला. बाबांची मारण्याची पद्धत होती. रागात असले तर ते मारत नसत, आधी पाणी पिऊन येत. मग मला चुकीपाशी नेत. "दाखव." चूक कुठे झाली ते मी माझ्या बोटाने दाखवायचं. पीळ सैल पडला तो इथे, जोड आखूड घेतला तो इथे. बोट बरोबर जागी पडलं की एकच फटका. चुकीच्या जागी पडलं तर पुन्हा शोधायचं. फटक्यापेक्षा ते शोधणं जास्त लागायचं.

सोळावं लागलं त्या सकाळी बाबांनी खुंटीवरचा तुकडा काढला, उंबऱ्यावर बसून त्याचा पीळ उलगडला आणि मोकळा झालेला वाख एका दाव्यात वळून टाकला.

आत्या बघत होती. "ते वचन मुलाचं आहे. मुलीचं नाही."

"सांगणाऱ्याला मुलगी नसेल," बाबा म्हणाले.

"आणि उद्या हिने काही करून ठेवलं म्हणजे?"

"तर ती सांगेल. दहा वर्षं मी दुसरं काय शिकवलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गडी? चहा टाकतोस का दोघांना?"

गडी म्हणाले, टाकतोस म्हणाले. आत्याने कपाळाला हात लावला. मी आत जाऊन चहा टाकला, आणि दूध उतू जाईपर्यंत मला ते दिसलंच नाही.

त्या दिवसापासून बाबा मला विचारू लागले. आज आधी कोणाचा दोर घ्यायचा, अमक्याला उद्या ये म्हणावं का. मी बोलले की ऐकून घेत, आणि कधी कधी माझंच ठेवत. वयाच्या सोळाव्या वर्षी आपलं म्हणणं ठेवलं जातं, याची नशा मी त्यानंतर दुसऱ्या कशात अनुभवली नाही.

वाख भिजवायचं टाकं ही माझी जबाबदारी होती. पानं मोगरीने ठेचायची, टाक्यात दाबून ठेवायची, वर दगड. गर सुटला की वाख धुऊन, पिळून वाळत घालायचा. एरवी नऊ-दहा दिवस लागतात. त्या वर्षी टाक्यात पाणी अर्धंच होतं आणि तेच तेच वापरलेलं. बाबा दोर पोचवायला लांबच्या वस्त्यांवर निघाले तेव्हा म्हणाले, "गडी, पाणी जड आहे, वाख लवकर कुजेल. सातव्या दिवशी काढ."

मास्तरांच्या बायकोकडून मी एक जाड पुस्तक आणलं होतं. बाबा नसताना ते टाक्याशेजारच्या सावलीत बसून वाचायला घेतलं. टाक्यापासून मी चार हातांवर होते. सातवा दिवस गेला. वास येत होता, पण टाक्याला वास असतोच. पुस्तक संपलं तेव्हा दिवस मोजले, तर अकरावा होता.

वरचा थर ठीक निघाला. खालचा तपकिरी पडला होता. चिमटीत धरून ओढला की तुटायचा, आवाजही न करता. मी तो तीनदा धुतला. चार दिवस कडक उन्हात टाकला. उन्हाने त्याला रंग दिला. लांबून बघणाऱ्याला तो इतर वाखासारखाच पांढरट दिसला असता. खत म्हणून मातीत घालायचा असं मी ठरवलं, आणि तोवर चांगल्या वाखाच्या मागे रचून ठेवला.

बाबा आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावाचा कारभारी दारात. मोठी विहीर आटत आली होती, गाळ काढायचा होता. आत बेडूक उतरणार होता. विहिरीत उतरायचं काम तोच करायचा, म्हणून त्याचं ते नाव. खरं नाव बहुतेक त्याच्या बायकोलाच माहीत असावं. त्याला सोडायला चाळीस हात दोर हवा होता, पाच दिवसांत.

"माणूस लोंबणार म्हणजे नवा वाख," बाबा म्हणाले. "गडी, पुरेल का आपला?"

कारभाऱ्याने इकडे तिकडे पाहिलं. गडी कोण ते त्याला कळेना. कळलं तेव्हा तो हसला. "पोरीला विचारून काम घेता का हल्ली?"

"भागीदार आहे," बाबा म्हणाले.

मी म्हणाले, "पुरेल."

चांगला वाख पुरणार नव्हता. ते मला तेव्हाच माहीत होतं. आज मी स्वतःशी खोटं बोलत नाही: माराची भीती नव्हती, दोराचा तुकडा राहिलाच नव्हता. कारभाऱ्यासमोर भागीदार झाले होते. इतक्यात पुन्हा पोर व्हायचं माझ्या जिवावर आलं.

दोर वळायच्या दिवशी बाबांनी वाख माझ्या कमरेला बांधला. "आज तू मागे चाल. मी चरख्यावर बसतो."

"मी?"

"मग कोण, आत्या?"

ते चरख्यापाशी पोराच्या पाटावर बसले. गुडघे कानाशी आले होते. मी मागे चालू लागले. मागे काय आहे ते न बघता पाऊल टाकणं कसं असतं, ते मला तेव्हा कळलं. दर वेळी टाच हवेत थांबते. बाबा लांबून ओरडायचे, "चल, मोकळं आहे, चल." आणि मी चालायची.

पहिले दोन पेड चांगल्या वाखाचे झाले. तिसऱ्याला मी कमरेच्या आतल्या वळ्यात तो खालच्या थराचा वाख घेतला होता, बाहेरून चांगला. तिसाव्या पावलाच्या पुढे तो बोटांत आला. मी त्याच्याभोवती चांगला घेत गेले, जोड लांब धरले, पीळ जास्त दिला. बोटं सोलली होती आणि त्यांत रसाची खाज उठत होती.

आत्या धुणं घेऊन आडवी गेली. "कसला आंबूस वास येतोय रे?"

"टाक्याचं पाणी जड आहे," बाबा म्हणाले. चरखा थांबला नाही. मग मला म्हणाले, "वाख कसा आहे, गडी?"

"चांगला आहे."

"दोर जरा ओढून बघ नंतर," आत्या त्यांना म्हणाली.

"मित्राचं काम कोणी तपासतं का?"

आत्या काहीतरी पुटपुटत गेली. संध्याकाळी दोर वेटोळं करून ओसरीत ठेवला. दिसायला तो इतका सुरेख झाला होता की बाबांनी त्यावरून दोनदा हात फिरवला.

विहिरीवर सगळं गाव जमलं होतं. बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या होत्या, जणू गाळाखालून लगेच पाणी उसळणार. रहाटावर दोर चढला. खालच्या टोकाला बसायची फळी बांधली. आठ जण दोर धरून उभे राहिले. बेडूक अंगात नुसती चड्डी घालून तयार होता.

"आधी दोरवाले," तो म्हणाला. "ते वर आले की मग मी. माझ्या बायकोचा त्यांच्यावर विश्वास आहे, माझ्यावर नाही."

लोक हसले. बाबांचा हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. ज्या दोराला माणूस लोंबणार, त्याला आधी ते स्वतः लोंबायचे.

मी पुढे झाले. "बाबा, आज मी उतरते."

"हलक्या माणसाने दोराची परीक्षा होत नाही."

"उतरू दे ना पण."

बाबा फळीवर बसले होते, पाय विहिरीत सोडलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. घाई नव्हती त्या बघण्यात. आठ माणसं दोर धरून ताटकळली होती. "वाख कसा आहे, गडी?" त्यांनी विचारलं. रोजच्या आवाजात, हळू, मलाच ऐकू जाईल असं.

घागरी घेतलेल्या बायका होत्या, कारभारी होता, माझ्या वर्गात असलेल्या दोन मुली होत्या. हे कोणी नसते तर मी बोलले असते का, हे मला आजही माहीत नाही.

"चांगला आहे," मी म्हणाले.

"सोडा," बाबा म्हणाले.

दोर हाताहाताने उतरू लागला. बाबांचा आवाज खालून घुमून येत होता. "सोडा. अजून सोडा." मग दोर रहाटाखाली स्वतःभोवती फिरू लागला. एक पेड गेला की दोर तसा फिरतो, माणसालाही फिरवतो. मला ते माहीत होतं, म्हणून आधी मला दिसलं. माझ्या तोंडात त्यांचे डोळे होते. माझं तोंड उघडलं नाही. खालून आवाज आला, "थांबवा," आणि मग कापड फाटावं तसा एक लांब आवाज, आणि दोर धरलेली आठही माणसं एकदम मागे पडली.

दोन माणसांच्या उंचीएवढ्या अंतरावरून बाबा गाळात पडले. बेडूकच खाली गेला, कोणाच्या तरी गोठ्यातल्या जुन्या दोराने. बाबांनीच तो त्या उन्हाळ्यात तीनदा जोडून वाढवला होता. तो टिकला. त्यानेच त्यांना पोत्यासारखं बांधून वर घेतलं. डावी मांडी चुकीच्या ठिकाणी वाकली होती. तोंडात, कानात गाळ.

कारभाऱ्याने दोराचं तुटकं टोक दोन बोटांत चुरलं. त्याचा कोंडा झाला. "दोरवाले, हा वाख आहे की भुसा?"

बाबा जमिनीवर पडून होते. बोलायच्या आधी त्यांनी गाळ थुंकला. "टाक्यात जास्त राहिला. मीच विसरलो काढायला."

"आणि याच्यावर तुम्ही बेडकाला लोंबवणार होतात?"

बेडकाची बायको गर्दीतून पुढे आली. ती ओरडली नाही. "माझी दोन पोरं आहेत, दोरवाले," एवढंच म्हणाली.

बाबांनी पडल्या पडल्या हात जोडले. "चुकलो, बाई."

चूक कुठे आहे ते दाखवायला मला दहा वर्षं शिकवलं होतं. ती माझ्यापासून चार हातांवर, कारभाऱ्याच्या हातात होती. माझं बोट उठलं नाही. कोणीतरी मला पाणी आणायला सांगितलं. मी पळाले, आणि पळायला मिळालं म्हणून बरं वाटलं.

कारभाऱ्याने ते तुटकं टोक रहाटाच्या खांबाला बांधून ठेवलं. पाऊस आला, विहीर भरली, टोक तिथेच. पाण्याला येणाऱ्या बायका पोरांना दाखवायच्या. स्वतःच्या दोराने पडलेला दोरवाला, ही गावात म्हणच झाली. कोणी नको तेवढी खात्री दिली की लोक म्हणायचे, "आधी तूच लोंब."

विहिरीचे दोर बाजारातून येऊ लागले, निळे, प्लॅस्टिकचे. आमच्याकडे दावी आणि खाटांच्या दोऱ्या राहिल्या. मांडी बसली, पण आखूड. बाबा काठी घेऊन पुढे चालायचे. मागे चालणं त्यांना पुन्हा जमलं नाही. दोनदा प्रयत्न केला, दोनदा पडले. मग ते पोराच्या पाटावर बसले आणि चरख्याची मूठ धरली. कमरेला वाख मी बांधला. पुढची पाच वर्षं, मी शिकायला गाव सोडेपर्यंत, ते माझ्याकडे तोंड करून बसायचे आणि मी त्यांच्यापासून साठ पावलं लांब जायची.

"चल, मोकळं आहे, चल."

आणि मधेच, कधी तिसाव्या पावलाला, कधी चाळिसाव्या: "वाख कसा आहे, गडी?"

"चांगला आहे, बाबा."

त्यांनी एकदाही उठून पाहिलं नाही.

पुढे मी पुष्कळ वाचलं. नोकरीही वाचनालयातच लागली. बाबांचं ते वचन मला छापलेलं सापडलं, आत्या म्हणाली तसं मुलाविषयीच. त्यात पाच आहेत, दहा आहेत, सोळा आहेत. बापाने मित्रासारखं वागावं हे आहे. मित्र झालेल्या पोराने काय करावं, ते बरीच पुस्तकं चाळूनही मला कुठे मिळालं नाही. बाबांनी मात्र ते न सांगताही मला येतं असं धरलं होतं.

दरवर्षी घरी जाताना मी सांगायचं ठरवायची. गाडीत वाक्यं तयार असायची. घरी पोचलं की बाबा म्हणायचे, "काय गडी, प्रवास बरा झाला?" आणि मी प्रवासाचं सांगायची. शेवटच्या आजारात मी अठरा दिवस त्यांच्या उशाशी होते. कूस बदलताना त्या आखूड पायाखाली हात घालावा लागायचा. एका दुपारी ते माझ्याकडे बघत राहिले, त्या विहिरीवरच्यासारखे, घाई नसलेले. मी पाण्याचा पेला पुढे केला. ते प्यायले.

ते गेले त्याला आता महिना झाला. मी आणि आत्या मागची वाट आवरत होतो. म्हणजे मी आवरत होते, आणि आत्या पाटावर बसून हाताला लागेल ते चाचपत होती. तिला आता दिसत नाही. तिच्या हाताला पेरू लागला. तिने दाताची खूण अंगठ्याने शोधली आणि हसली.

"तुला माहीत नसेल," ती म्हणाली. "तो दोर वळला ना, विहिरीचा, त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं होतं, वाख कुजका आहे, मला वास कळतो. तो म्हणाला, मलाही कळतो."

मी हातातलं खाली ठेवलं.

"मी म्हटलं, मग उद्या कशाला चढवतोस? तर म्हणे, सकाळपर्यंत ती सांगेल. सकाळी नाही सांगितलं तर विहिरीवर सांगेल. मी फळीवर बसलेला बघून तरी सांगेलच. वेडा." आत्याने पेरू मांडीवर फिरवला. "पाय मोडून घरी आणला तरी तेच. सांगेल गं ती, तिच्या वेळेने सांगेल. तू बोलू नकोस. माझी जीभ बांधून ठेवली बघ इतकी वर्षं."

वाटेच्या दुसऱ्या टोकाला कोंबड्या माती उकरत होत्या.

"शेवटी सांगितलंस ना त्याला? अठरा दिवस होतीस."

"हो आत्या," मी म्हणाले. "सांगितलं."

"काय म्हणाला?"

माझ्याकडे त्यांचं काहीच नव्हतं द्यायला. म्हणून मी त्यांच्या तोंडी शब्द घातले. "म्हणाले, माहीत होतं, गडी."

आत्याचे डोळे भरले. तिने पदराने ते पुसले, पेरू माझ्या दिशेला धरला. "बघ. त्याचं म्हणणं खरं झालं की नाही?"

मी मान हलवली. तिला दिसत नव्हतं, म्हणून ते तोंडाने म्हणावंही लागलं.